भूमध्य समुद्रातली पोवळ्याची मासेमारी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझ्या आजीच्या मंगळसूत्रात काळ्या मण्यांच्या मधे सात पोवळी होती. आमच्याकडे, गोवा-कारवारकडच्या सारस्वत घरांत, मंगळसूत्रात पोवळी ओवायची पद्धत आहे. आजीला कुणी विचारलं तर ती "समुद्रातली" एवढंच सांगायची. कुठला समुद्र, कुणी काढली, कशी काढली, हे शोधायला मी बऱ्याच वर्षांनी लागले. तेव्हापासून पोवळ्याचा विषय निघाला की लोक मला साधारण हेच प्रश्न विचारतात. यंत्रांची आणि वाफेची बोट येण्याआधीच्या काळावर इथे भर आहे, कारण आपल्या घरांतली जुनी पोवळी बहुतेक त्याच काळातली.

पोवळं म्हणजे नेमकं काय? दगड, झाड की जीव?

जीवांनी बांधलेलं घर. समुद्राच्या तळाशी, अंधाऱ्या खडकावर इवल्या इवल्या जिवांची वसाहत असते. प्रत्येक जीव पांढराशुभ्र आणि त्याला पिसासारखी आठ शुंडकं. या सगळ्यांचा मिळून जो चुन्याचा सांगाडा तयार होतो तो लाल असतो, आणि तेच आपलं पोवळं. शास्त्रीय नाव कोरॅलियम रुब्रम. ते अतिशय सावकाश वाढतं. बुंध्याची जाडी वर्षाला जेमतेम पाव मिलीमीटरने वाढते. म्हणजे ८ मिलीमीटरचा एक मणी निघायचा तर ती फांदी निदान ३० वर्षं तिथे वाढत असावी लागते, आणि वरचा थर घासून जातो तो वेगळाच.

हे आपल्या कोकणच्या समुद्रात मिळतं का?

नाही. मालवणजवळ प्रवाळ आहेत, पण ते वेगळे. ते उथळ, उजेडाच्या पाण्यातले. त्यांचा सांगाडा सच्छिद्र असतो, त्याचा दागिना होत नाही. शिवाय भारतात प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतात, तेव्हा मालवणला पोहायला गेल्यावर तुकडाही उचलू नका. दागिन्यातलं जुनं लाल पोवळं भूमध्य समुद्रातलं : सार्डिनिया, कोर्सिका, सिसिली, नेपल्सचा किनारा, कॅटलोनिया, मार्सेलच्या आसपास, आणि समोरचा ट्युनिशिया-अल्जीरियाचा किनारा. जपान आणि तैवानचं पोवळं बाजारात आलं ते बरंच नंतर.

हे तर खडकावरून फांदी तोडणं झालं. मग "मासेमारी" का म्हणायचं?

कारण ते करणारे लोक तेच म्हणत. इटालियनमध्ये आणि फ्रेंचमध्ये पोवळ्यासाठी तोच शब्द आहे जो माशांसाठी. होड्या त्याच, किनारा तोच, आणि ज्या गावात पोवळं काढत तिथली पोरं सार्डीनची जाळीही ओढत. मलाही तो शब्द बरोबर वाटतो.

ही परंपरा किती जुनी आहे?

रोमन लेखक प्लिनी याने पहिल्या शतकात लिहून ठेवलं आहे की गॉल लोक (आजच्या फ्रान्सच्या भागातले) पूर्वी आपल्या तलवारी, ढाली आणि शिरस्त्राणं पोवळ्याने सजवत, पण आता सगळा माल भारतात जायला लागल्यामुळे पोवळं जिथे निघतं तिथेच दुर्मीळ झालं आहे. रोमन बायकांना मोती जेवढे प्रिय, तेवढं भारतातल्या पुरुषांना पोवळं प्रिय, असंही तो म्हणतो. त्याने सिसिलीतल्या आजच्या त्रापानीजवळचं पोवळं नाव घेऊन सांगितलं आहे. त्याच शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक दर्यावर्दी मार्गदर्शिकेत भरुच, सिंधूच्या मुखावरचं बार्बारिकॉन आणि केरळातलं मुझिरिस या तिन्ही बंदरांच्या आयात मालात पोवळं आहे.

आपल्याकडची नोंद अर्थशास्त्रात सापडते. कौटिल्य पोवळ्याच्या जाती सांगताना 'आलकंदक' असा शब्द वापरतो. हे अलेक्झांड्रियाचं रूप असल्याचं बहुतेक अभ्यासक मानतात. म्हणजे माल कुठल्या बंदरातून निघतो हे इथल्या राजकोशाच्या अधिकाऱ्याला ठाऊक होतं.

पोवळं काढायचं हत्यार कसं असायचं?

यावर मी जरा सविस्तर लिहिते, कारण सगळं त्याच्यावर अवलंबून होतं.

अगदी जुन्या काळी पाणबुडे श्वास रोखून खाली जात आणि हाताने किंवा लोखंडी आकड्याने फांदी तोडत. पण जिथवर श्वास पुरतो तिथवरचं पोवळं लवकर संपतं. त्याच्या खालच्या पोवळ्यासाठी जे साधन निघालं त्याला इटलीत 'इंजेन्यो' म्हणत, म्हणजे युक्ती. दुसरं नाव संत अँड्र्यूचा क्रूस.

दोन जाड वासे फुलीसारखे एकमेकांवर बांधायचे. मधे, जिथे ते एकमेकांना ओलांडतात तिथे, जड दगड आवळून बसवायचा. चारी टोकांना आणि मधल्या दगडाखाली जुन्या जाळ्यांचे झुबके लटकवायचे. ही जाळी हेंपच्या दोराची, म्हणजे आपल्या तागासारखीच. दोराला पीळ मुद्दाम सैल ठेवत. घट्ट पिळाचा दोर खडकावरून घसरून जातो. सैल पिळाची सुतं पाण्यात सुटतात, पसरतात आणि जे काही टोकदार असेल त्याला गुंडाळली जातात.

मग फुली खाली सोडायची आणि होडीने फरफटत न्यायची. पोवळं खडकाच्या माथ्यावर फारसं वाढत नाही. ते कपारीत, कड्याच्या पोटाला, गुहेच्या छताला उलटं लटकलेलं असतं. म्हणून नुसतं ओढून भागत नाही. तांडेल दोर हातात धरून बसलेला असतो. दोराच्या हिसक्यावरून त्याला कळतं की फुली दगडावर आपटली की कपारीत शिरली. शिरली की दोर ढिला करायचा, होडी मागे घ्यायची, पुन्हा ताणायचा, म्हणजे झुबके आत खोलवर जाऊन फांद्यांना वेढे घालतात. अडकली तर सगळ्यांनी मिळून ओढायची. कधी ती सुटते, कधी वासा मोडतो, कधी दोर तुटून अख्खं हत्यार तळाशी राहतं.

वर येणाऱ्या जाळ्यात शेवाळ, शिंपले, खडकाचे कपचे, मागच्या कुणाच्या तरी कुजलेल्या दोराचे तुकडे आणि कुठेतरी बोटाएवढी लाल फांदी. मोडलेल्या फांद्यांपैकी बऱ्याच जाळ्यात न अडकता खोल पाण्यात पडून जात. या पद्धतीचा हा मोठा दोष होता आणि तो सगळ्यांना दिसत होता.

बाराव्या शतकातल्या अल-इद्रिसी या अरब भूगोलकाराने अशाच हेंपच्या झुबक्यांचं वर्णन केलं आहे. ठिकाण आजच्या अल्जीरियातलं अल-काला. त्या बंदराचं तेव्हाचं अरबी नाव मर्सा अल-खरज, म्हणजे मण्यांचं बंदर.

समुद्रात जागा कशी ओळखत?

किनाऱ्यावरच्या दोन-दोन खुणा एका रेषेत आणून. चर्चचा मनोरा आणि मागचा सुळका, दुसऱ्या बाजूने बुरूज आणि टेकडी. कोकणात आपले मच्छीमार डोंगर आणि देवळाचा कळस जुळवून जागा धरतात, अगदी तसंच. या खुणा बापाकडून मुलाला मिळायच्या आणि बाहेर सांगितल्या जात नसत.

पोवळं पाण्याखाली मऊ असतं आणि बाहेर आल्यावर कडक होतं, हे खरं का?

खरं नाही, पण जवळजवळ १७०० वर्षं लोकांनी ते मानलं. प्लिनी तसंच सांगतो. ग्रीक-रोमन कथेत पर्सियस हा वीर मेड्युसाचं, म्हणजे जिच्याकडे पाहिलं की दगड होतो त्या राक्षसीचं, कापलेलं डोकं समुद्रशेवाळावर ठेवतो, आणि ते शेवाळ दगड होतं, तेच पोवळं.

सन १७०६ च्या सुमारास लुईजी फर्दिनांदो मार्सिली हा इटालियन सरदार मार्सेलजवळच्या कोळ्यांबरोबर बाहेर पडला. ताजी फांदी समुद्राच्या पाण्यात ठेवली तर तिच्यावर पांढरी फुलं उमलतात, हे त्याने पाहिलं, आणि पोवळं ही वनस्पती असल्याचं जाहीर केलं. मार्सेलच्याच झाँ-आंद्रे पेसोनेल या वैद्याने १७२० च्या दशकात हीच "फुलं" पाहिली आणि हे प्राणी आहेत असं सांगितलं. पॅरिसच्या विज्ञान अकादमीत कुणी विश्वास ठेवला नाही. त्याचं म्हणणं तिथे मांडताना रेओम्यूर या शास्त्रज्ञाने त्याचं नावसुद्धा घेतलं नाही, त्याची अब्रू जाऊ नये म्हणून. पेसोनेल बरोबर होता. हे दोघेही जे शिकले ते कोळ्यांच्या होडीत बसून शिकले, आणि त्या कोळ्यांची नावं कुठेच नाहीत, याची मला खंत वाटते.

होडीवरचा दिवस कसा जायचा?

वाईट. दुसरा शब्द मला सापडत नाही.

नेपल्सच्या खाडीवर, व्हेसुव्हियसच्या पायथ्याशी तोर्रे देल ग्रेको नावाचं गाव आहे. अठराव्या शतकात तिथल्या शेकडो होड्या वसंतात निघत, सार्डिनिया किंवा आफ्रिकेच्या किनाऱ्यापर्यंत जात आणि ऑक्टोबरच्या आसपास परतत. मोठ्या होडीवर दहाबारा माणसं. होडीच्या मागच्या बाजूला उभा रहाट, त्याच्या दांड्यांना छाती लावून फुली वर खेचायची. काम दिवसरात्र पाळीने चाले. खाणं म्हणजे कडक वाळलेला बिस्किटासारखा पाव, आणि संध्याकाळी एकदा उकडलेला पास्ता. उन्हाळ्यातल्या शांत समुद्रावर वारा नसला की वल्ह्यांवर सगळं, डोक्यावर सावली नाही.

फ्रेंच शास्त्रज्ञ लाकाझ-द्यूतिये १८६० च्या दशकात अल-कालाला राहून पोवळ्यावर संशोधन करत होता. त्याने तिथल्या खलाशांमध्ये चालणारी एक म्हण नोंदवली आहे : पोवळेवाला व्हायचं तर आधी चोरी किंवा खून केलेला असावा लागतो. म्हणजे एवढी शिक्षा निरपराध माणूस आपणहून ओढवून घेणार नाही.

मग लोक जात का?

उचल घेतलेली असायची. हंगामाआधी होडीचा मालक किंवा त्याच्यामागचा सावकार पैसे पुढे देई, घरी सहा महिन्यांची चूल त्यावर चाले, आणि परत आल्यावर हिशेब. हंगाम वाईट गेला की देणं पुढच्या वर्षावर. आपल्याकडचे ऊसतोड कामगार मुकादमाची उचल घेऊन गाव सोडतात, त्यांना हे वेगळं समजावून सांगावं लागणार नाही.

आफ्रिकेच्या किनाऱ्यावर अजून एक गाठ होती. तिथे मासेमारीचा मक्ता एखाद्या कंपनीकडे किंवा घराण्याकडे असे. होडी, दोर, धान्य ती पुरवी, आणि निघालेलं सगळं पोवळं तिलाच, तिने ठरवलेल्या भावात द्यावं लागे. लपवलेलं सापडलं तर शिक्षा. सन १७९० मध्ये नेपल्सचा राजा चौथा फर्डिनंड याने पोवळ्याच्या मासेमारीसाठी एक कायदेसंहिता काढली. त्यात होड्या, करार, भांडणं यांचे नियम आले. सरकारने या धंद्याकडे किती गांभीर्याने पाहिलं ते त्यावरून दिसतं.

समुद्रात सगळ्यात मोठी भीती कशाची होती?

वादळाची आणि चाच्यांची. अल्जियर्स, ट्युनिस आणि त्रिपोलीचे चाचे होडी पकडून माणसं गुलाम म्हणून विकत. तोर्रे देल ग्रेकोच्या खलाशांनी कमाईतला भाग बाजूला टाकून एक धर्मादाय निधी चालवला होता. पकडल्या गेलेल्यांची सुटका आणि विधवांना मदत हे त्याचं काम.

ताबार्काची गोष्ट काय आहे?

ही मला सगळ्यात जवळची वाटते.

ट्युनिशियाच्या किनाऱ्याला लागून ताबार्का नावाचं छोटं बेट आहे. सन १५४० च्या दशकात इटलीतल्या जिनोआ बंदराच्या लोमेल्लिनी घराण्याला तिथे पोवळं काढायचा मक्ता मिळाला. तुर्गुत रईस हा नावाजलेला चाचा जिनोआवाल्यांच्या कैदेत होता, त्याच्या सुटकेच्या मोबदल्यात हे बेट मिळालं अशी गोष्ट पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. लोमेल्लिनींनी जिनोआजवळच्या पेल्यी गावातली कुटुंबं नेऊन तिथे वसवली. दोनशे वर्षं ती माणसं आफ्रिकेच्या काठावर जिनोआची बोली बोलत पोवळं काढत राहिली.

पुढे पोवळं कमी झालं, माणसं वाढली. सन १७३८ मध्ये बऱ्याच कुटुंबांनी सार्डिनियाच्या राजाकडून सान पिएत्रो हे ओसाड बेट मिळवलं आणि कार्लोफोर्ते गाव वसवलं. जी मागे राहिली त्यांच्यावर १७४१ मध्ये ट्युनिसच्या बेची, म्हणजे तिथल्या शासकाची, फौज चालून आली आणि सगळी गुलाम झाली. त्यातल्या काहींना स्पेनच्या राजाने सोडवून आलिकान्तेसमोरच्या एका बेटावर नेलं. त्या बेटाचं नाव आजही नुएव्हा ताबार्का, नवं ताबार्का. काही १७७० मध्ये सार्डिनियातल्या कालासेत्ताला पोचली.

कार्लोफोर्तेचीही पाठ सुटली नाही. १७९८ मध्ये ट्युनिसच्या चाच्यांनी गावावर धाड घातली आणि नऊशेच्या आसपास माणसं उचलून नेली. ती १८०३ मध्ये परत आली. कैदेत असताना सापडलेली मेरीची एक लाकडी मूर्ती त्यांनी बरोबर आणली, आणि ती अजून गावात पुजली जाते. सार्डिनियात असूनही कार्लोफोर्तेचे लोक आजही जिनोआकडची 'ताबार्किनो' बोली बोलतात.

हे पोवळं आपल्याकडे कोणत्या वाटेने यायचं?

काळाप्रमाणे वाट बदलली. मध्ययुगात अलेक्झांड्रिया आणि तांबड्या समुद्रातून. सतराव्या-अठराव्या शतकात मोठी वाट होती ती इटलीच्या तोस्काना भागातल्या लिव्होर्नो बंदरातून. तिथल्या राज्यकर्त्याने १५९० च्या दशकात ज्यू व्यापाऱ्यांना सवलती दिल्या, आणि स्पेन-पोर्तुगालमधून हाकलले गेलेले अनेक ज्यू तिथे स्थिरावले. लिव्होर्नोत फांद्या कापल्या, भोकं पाडली, मणी गोल केले जात. कारखान्यांत बायकांचे हात मोठ्या संख्येने होते. मग प्रतीप्रमाणे माळा बांधून माल एक तर लंडनमार्गे मद्रासला, नाही तर लिस्बनमार्गे गोव्याला. परतीला हिरे.

गोव्याच्या वाटेवर लिव्होर्नोच्या एर्गास आणि सिल्वेरा या ज्यू भागीदारांची पेढी होती. गोव्यात त्यांचा व्यवहार सारस्वत व्यापाऱ्यांशी चाले, त्यात कामत घराणं प्रमुख. पोर्तुगीज कागदांत 'कामोतीं' असं लिहिलेलं सापडतं. आता अडचणी बघा. ज्यू माणसाला लिस्बन किंवा गोव्यात उघडपणे पाय ठेवणं इन्क्विझिशनमुळे, म्हणजे धर्मद्रोहाचा शोध घेऊन शिक्षा करणाऱ्या चर्चच्या न्यायालयामुळे, अशक्य, म्हणून मधे लिस्बनचे इटालियन ख्रिस्ती दलाल. जहाजं वर्षातून एकदा सुटणार. माल पाठवून बदल्यात हिरे हातात पडायला दोन-दोन वर्षं. एकाचा धर्म, भाषा, न्यायालय दुसऱ्याचं नाही. सगळा व्यवहार पोर्तुगीज भाषेतल्या पत्रांवर. पत्रांत कुणाचा शब्द पक्का आणि कुणाचा कच्चा याच्या बातम्या असत, कारण एकदा नाव गेलं की लिव्होर्नोपासून गोव्यापर्यंत कुणी माल देत नसे.

हे वाचल्यावर मी कपाटातून आजीचं मंगळसूत्र काढून पुन्हा पाहिलं. तिची पोवळी याच वाटेने आली असं मी म्हणू शकत नाही. पण सारस्वत घरांत पोवळी इतकी रुजली त्याचा या व्यापाराशी संबंध असावा असं मला वाटतं.

भारतात एवढी मागणी का होती?

नवरत्नांत पोवळं आहे, मंगळाचं रत्न म्हणून ते घातलं जातं, आयुर्वेदात प्रवाळ भस्म आणि प्रवाळ पिष्टी आहेत. शिवाय भारतातून ते पुढे हिमालयात जाई. मार्को पोलोने लिहिलं आहे की त्याच्याकडचं, म्हणजे युरोपातलं, पोवळं काश्मीरमध्ये जितक्या भावाला विकलं जातं तितकं कुठेच नाही.

तेव्हाच्या लोकांना पोवळं संपेल याची काळजी होती का?

काही ठिकाणी होती. निसर्गशास्त्रज्ञ स्पालान्झानी १७८८ च्या सुमारास सिसिलीला गेला, तेव्हा मेसिनाच्या सामुद्रधुनीतल्या मच्छीमारांनी आपला पट्टा दहा भागांत वाटून घेतला होता. दर वर्षी एकाच भागात फुली टाकायची, आणि तो भाग पुढची नऊ वर्षं मोकळा सोडायचा. अनुभवातून ठरवलेला हा नियम होता. पोवळ्याची वाढ पाहता दहा वर्षं कमीच, पण थांबायला हवं हे त्यांना उमगलं होतं. आफ्रिकेच्या किनाऱ्यावर, जिथे मक्ता कंपनीचा आणि मक्त्याला मुदत, तिथे कुणी एवढी वाट पाहिल्याचं माझ्या वाचनात नाही.

तोर्रे देल ग्रेको आजही पोवळ्यासाठी का ओळखलं जातं?

तिथले लोक आधी फक्त पोवळं काढत, घडवत नसत. जून १७९४ मध्ये व्हेसुव्हियसच्या लाव्ह्याने गावाचा मोठा भाग गाडला. लोकांनी त्याच जागी पुन्हा घरं बांधली. सन १८०५ मध्ये मार्टिन नावाच्या माणसाला राजाकडून पोवळं घडवण्याचा दहा वर्षांचा परवाना मिळाला आणि घडणावळ गावात आली. मासेमारी संपली तरी ती टिकली.

जुनी पद्धत कधी बंद झाली?

सिसिलीतल्या शाक्काजवळ १८७५ ते १८८० दरम्यान मेलेल्या पोवळ्याचे प्रचंड साठे सापडले. हजारो होड्या तिकडे धावल्या, भाव कोसळला, मग जपानी पोवळं आलं. इंजेन्यो मात्र विसाव्या शतकातही वापरात होता. युरोपीय संघाने त्यावर १९९४ मध्ये बंदी घातली. आता परवानाधारक पाणबुडे हाताने तोडतात.

आज जाऊन काय पाहता येईल?

सार्डिनियात आल्गेरो, ज्याच्या नगरचिन्हात पोवळ्याची फांदी आहे. इटलीच्या लिग्युरिया किनाऱ्यावर चेर्व्हो गावचं चर्च, पोवळेवाल्यांच्या कमाईतून १६८६ पासून बांधलेलं आणि आजही त्यांच्याच नावाने ओळखलं जाणारं. त्रापानीच्या पेपोली संग्रहालयात पोवळ्याची जुनी कोरीव कामं. आणि कार्लोफोर्ते, जमलं तर सगळ्यात आधी.

घरातलं जुनं पोवळं खरं आहे का, कसं ओळखायचं?

सोनाराकडचं दहापट मोठं दाखवणारं भिंग घ्या. खऱ्या पोवळ्यावर लांबीच्या दिशेने अगदी बारीक, एकमेकींना लागून असलेल्या रेघा दिसतात. काचेत बुडबुडे दिसतात. रंगवलेल्या स्वस्त पोवळ्यात रेघा ठसठशीत असतात आणि भोकाशी रंग साचलेला असतो. आजीच्या सातांपैकी एका मण्याला सुईच्या टोकाएवढं छिद्र आहे, समुद्रातल्या एखाद्या जिवाने पोखरलेलं, आणि भोक दोन्ही बाजूंनी पाडल्यामुळे मधे किंचित सरकलेलं आहे. लिंबू किंवा आम्ल लावून परीक्षा करू नका, पोवळं चुन्याचं असतं, चकाकी कायमची जाते. अत्तर आणि घाम यांनीही ती उतरते. वापरून झाल्यावर मऊ ओल्या फडक्याने पुसून वेगळं ठेवा, आणि दोरा दर काही वर्षांनी बदलून घ्या.